नदीपल्याड गेलेल्या गावाचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. लग्नात किंवा सभेत बोंबलणारा कर्णा नव्हे. हाताने दांडा फिरवला की गळा काढणारा, तीन पायांचा लोखंडी भोंगा. माझ्या पोटात पात्यांचं एक चाक आहे. दांडा फिरला की ते गरगरतं, वारा आत ओढतं आणि माझ्या अंगावरच्या खाचांतून बाहेर फेकतं. तोच माझा आवाज. माझ्या मनात काय आहे ते त्यात कधी येत नाही. दांडा ज्याच्या हातात, बोलणं त्याचं. आज मात्र माझं मला बोलू द्या.

माझा जन्म दूरच्या शहरातल्या एका कारखान्यात झाला. रिसोडच्या शिखरचंद शेठजींनी मला त्यांच्या कापसाच्या जिनिंग गिरणीसाठी आणलं. कापसाचे दिवस सुरू झाले की सकाळी मी वाजे आणि बायका पदर खोचत, डबे सांभाळत फाटकातून आत येत. संध्याकाळी मी वाजलो की त्यांच्या केसांत, भुवयांत कापूस अडकलेला असे आणि त्या एकमेकींना म्हाताऱ्या म्हणून हसत. माझ्या आवाजाने कोणी घाबरत नसे. ते माझे सुखाचे दिवस होते. पुढे जिनिंगमध्ये विजेवर चालणारा भोंगा आला आणि मी गोदामात पोत्यांच्या मागे पडून राहिलो.

तेव्हा सरहद्द रिसोडपासून फार लांब नव्हती. सत्तेचाळीस साली देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद त्यात आलं नाही. ते आजतागायत वेगळं राष्ट्रच राहिलं आहे. मधून पैनगंगा वाहायची. अलीकडे आपलं वऱ्हाड, पलीकडे त्यांचा मुलूख. दोन्ही काठांवर चौक्या, दोन्ही काठांवर निशाणं. माणसं मात्र एकमेकांची सोयरीधायरी. परवाना काढून नवरदेव पलीकडे जाई आणि परवाना काढूनच लेक माहेरी येई. जिनिंगमधल्या बायका ‘पलीकडं’ असं म्हणत, तेव्हा शेजारच्या आळीबद्दल बोलल्यासारखं वाटे.

त्या नदीच्या एका मोठ्या वळणात बोरवंड नावाचं गाव होतं. पैनगंगा त्याला तीन बाजूंनी वेढा घालून पुढे जायची. गाव अलीकडचं, म्हणजे आपलं. मग एका पावसाळ्यात असा पूर आला की नदीने वळसा घालणंच सोडून दिलं. गावाच्या उत्तरेची काळी रानं फोडून ती सरळ निघाली. पाणी ओसरल्यावर लोकांनी पाहिलं, तर जुनं पात्र दक्षिणेला कोरडं पडलेलं आणि नदी गावाच्या मागून वाहते आहे. गाव जागचं हललं नव्हतं. नदी हलली होती. आणि जुन्या करारात लिहिलं होतं, नदी हीच हद्द.

पलीकडचं सरकार म्हणालं, बोरवंड आता आमचं. आपलं सरकार म्हणालं, हद्द जुन्या पात्रातूनच धरायची. बोलणी सुरू झाली, फिसकटली, पुन्हा सुरू झाली. तेवढ्यात आपली चौकी मात्र गावातून उठून नव्या नदीच्या उत्तरेला गेली. गावाला जोडायला लोखंडी पिंपांवर फळ्या टाकून एक तरंगता पूल बांधला गेला. त्यावरून चालताना पायाखाली सगळं डुलायचं. म्हाताऱ्या माणसांनी त्यावर पाऊल ठेवायचंच सोडलं.

गावाला भोंगा हवा, तोही विजेशिवाय चालणारा, असं ठरलं तेव्हा शेठजींना माझी आठवण झाली. त्यांनी मला जीपमध्ये घालून नदीपर्यंत स्वतः आणलं. पिंपांच्या पुलावर पाय ठेवायच्या आधी ते जरा थांबले आणि म्हणाले, “याने आजवर लोकांना कामावर बोलावलं. पळायला सांगायची पाळी याच्यावर न येवो.”

मला वैजयंतीच्या छतावर बसवलं. गावात पक्कं आणि उंच छत तिचंच होतं. वैजयंती शिवणकाम करायची. गावातल्या झाडून सगळ्या बायांचे ब्लाऊज तिच्या हातचे. नवरा जगदेव शेती बघायचा. एक लेक शाळेत जाणारी. आणि सासू सोजरबाई, जिला ती इकडच्या रीतीप्रमाणे मामी म्हणे. सोजरबाईचं माहेर पलीकडचं, हैदराबादच्या मुलखातलं.

जगदेवला हे पटलं नव्हतं. “कायले अंगावर घेतलं हे लचांड?” तो म्हणाला.

“मंग कोन घेईन? छत आपलं हाय.”

“उद्या काही झालं त सारे आधी तुलेच धरतीन.”

वैजयंतीने माझ्या दांड्यावरचा गंज घासून काढला आणि शिलाई मशीनचं तेल माझ्या सांध्यात सोडलं.

मग तिने गावाला माझे दोन आवाज शिकवले. दांडा जोरात फिरवून सैल सोडायचा, पुन्हा जोरात फिरवायचा; म्हणजे आवाज चढतो, उतरतो, चढतो. त्याचा अर्थ, धोका आहे, पूल ओलांडा. आणि दांडा एका लयीत फिरवत राहिलं की निघतो तो लांब, सपाट आवाज. त्याचा अर्थ, धोका टळला, घरी या. पोरं त्या आवाजांची नक्कल करत गावभर पळाली. सोजरबाई ओसरीवरून ओरडली, “बंद कर व माय! म्हैस दूध चोरून राह्यली माही!” गाव हसलं. मीही मनातल्या मनात हसलो. आपल्याकडे माणसं धोक्याची तालीमसुद्धा जत्रेसारखी करतात.

बोलणी मग कायमची फिसकटली. तूर शेंगांवर आली होती. एके सकाळी वैजयंती छतावर पापड वाळत घालत होती. तिने सहज दक्षिणेकडे पाहिलं आणि हातातला पापड तसाच राहिला. कोरड्या पात्रात धूळ उठली होती. धुळीच्या आत गाड्या होत्या. गाड्यांवर झाडाच्या फांद्या बांधलेल्या होत्या आणि त्या सावकाश, अगदी निवांत, गावाच्या दिशेने येत होत्या.

ती माझ्याकडे धावली. जिनिंगच्या सगळ्या वर्षांत मला कोणी तसं फिरवलं नव्हतं. माझ्या पोटातलं चाक निखळून पडेल असं वाटलं. मी चढलो, उतरलो, पुन्हा चढलो.

आणि गाव निघालं. छतावरून मला सगळं दिसत होतं. कोणी बकऱ्या सोडल्या, कोणी टीव्ही चादरीत बांधून डोक्यावर घेतला. एकाने दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, चार पावलं गेला आणि परत येऊन कुलूप ओढून पाहिलं. एका बाईने निघताना अंगण झाडलं. मला तेव्हा तिचा राग आला होता. आता येत नाही.

जगदेव लेकीला कडेवर घेऊन खाली उभा होता. “वैजू, चाल आता! झालं वाजवून!”

“लोक अजून निघून राह्यले. तू पोरीले ने. मामीले घे संगं.”

सोजरबाई ओसरीवर बसून राहिली होती. “मी नाई येत. त्या हलत्या फळ्यावर माहे गुडघे टिकत नाईत. अन् कोनाच्या भेवानं पळू बापा? त्या गाड्यायत माह्या भावाचे नातू बसले असतीन.”

“माय, हा हट्टाचा टाइम नोहे!”

“तू जाय. पोरीले पोचव आधी.”

जगदेव गेला. लेकीला पलीकडे ठेवून परत येतो, असं सांगून गेला. तो पूल उतरला असेल-नसेल, तोच मोठा धमाका झाला. आपल्याच चौकीने पूल उडवला होता. गाड्या पुलावरून पुढे घुसू नयेत म्हणून. त्यांच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पिंपं सुटी होऊन पाण्यावर डुलत निघाली. उत्तरेच्या काठावर जगदेव लेकीला घट्ट धरून उभा होता आणि काहीतरी ओरडत होता. पण माझ्याच आवाजात ते बुडून गेलं. वैजयंतीने दांडा सोडला, तेव्हा फक्त पाण्याचा आवाज उरला होता.

गावातले बरेच लोक पार झाले होते. काही जण पुलापर्यंत पोचलेच नाहीत. ते नदीकाठच्या तुरीत शिरून बसले. त्यात सेवादास आणि त्याची बायको गोमतीबाई ही दोघं होती. आणि काही म्हातारी माणसं सोजरबाईसारखी घरातच राहिली.

गाड्या गावात आल्या. गोळी सुटली नाही. सैनिकांनी घराघरांत डोकावून पाहिलं. मग त्यांचा कप्तान जिना चढून छतावर आला. मदनसिंग त्याचं नाव. बूट वाजवत आला, पण वाळत घातलेल्या पापडांना वळसा घालून आला. बोलला तोही मराठीच.

“भोंगा तुम्हीच वाजवला का, ताई?”

“हो.”

“चांगला वाजवला. सगळं गाव रिकामं केलं.” तो कठड्याशी जाऊन उभा राहिला. “आता उलटा वाजवा. धोका टळल्याचा. कोणाच्या केसाला धक्का लागणार नाही. माझा शब्द आहे.”

“लोक घरी काहून पायजेत तुमाले?”

“माणसांनी आपल्या घरी राहावं. यात काय वाईट?”

“पूल त नाई. पलीकडचे येतीन कसे?”

“आमच्या नावा आहेत. आणि तुरीत बसलेत ते तर चालतच येतील.” त्याने तिकडे बोट दाखवलं. लोक तुरीत आहेत, हे त्याला माहीत होतं. “हे बघा, उद्या मोठ्या देशांची माणसं येतील, गाव कोणाचं ते पाहायला. रिकाम्या गावाला कोण काय विचारणार? चुली पेटलेल्या असल्या, माणसं सुखात दिसली, की वाद मिटला.”

“म्हंजे आमी घरी आलो, की गाव तुमचं.”

“गाव आमचंच आहे, ताई. तुम्ही घरी आलात तर ते तुमचंही राहील.”

खालून सोजरबाईचा आवाज आला, “वैजू, वाजव व. येऊ दे लोकायले. आपली घरं हायेत.”

वैजयंती माझ्याजवळ आली. तिने दांडा धरला. तिचा तळवा सकाळपासून फिरवून फिरवून सोलला होता. तिने आधी खाली पाहिलं, ओसरीवर बसलेल्या म्हातारीकडे. मग नदीपलीकडे पाहिलं. जगदेव अजून तिथेच होता, लेक त्याच्या खांद्यावर. सपाट आवाज काढला तर ती दोघं नावेत बसतील, घरी येतील. आज सगळे एका ताटाभोवती बसतील. आणि पुन्हा कधी या काठावरून त्या काठावर जाता येईल, ते हा कप्तान ठरवील, किंवा त्याच्या मागून येणारा कोणी, जो पापडांना वळसा घालणार नाही.

मी वाट पाहत होतो. मला तिच्या मनातलं कळत नव्हतं. मला फक्त तिचा हात कळत होता. तो आधी हळू फिरला, एका लयीत. कप्तानाने मान डोलावली. मग तिने दातावर दात दाबले आणि दांडा जिवाच्या आकांताने फिरवला. सैल सोडला. पुन्हा फिरवला. मी चढलो, उतरलो, चढलो.

“थांबवा!” कप्तान ओरडला.

ती थांबली नाही. एका सैनिकाने बंदुकीचा दस्ता माझ्या दांड्यावर हाणला. तिचा हात दांड्यावरच होता. हाड मोडल्याचा आवाज माझ्या लोखंडातून आरपार गेला. दांडा वाकला. कप्तानाने त्या सैनिकाला शिवी दिली आणि स्वतःचा रुमाल काढून तिच्या मनगटाला बांधला. तिला कप्तानाच्या गाडीतून त्यांच्या मुलखातल्या हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. सोजरबाई गाडीमागे जमेल तेवढी चालत गेली.

तुरीतल्या लोकांनी माझा तो पहिला, सपाट आवाज ऐकला होता. ते घराकडे यायला उठले होते, असं नंतर कळलं. धोक्याचा आवाज ऐकून ते वळले आणि वरच्या अंगाला जाऊन पाण्यात उतरले. नदी तिथे नवीन होती. पिढ्यानपिढ्या नदीकाठी राहिलेल्या माणसांनाही तिचे डोह ठाऊक नव्हते. बाकीचे पोहत, बुडत, एकमेकांना ओढत पार झाले. गोमतीबाई झाली नाही. सेवादासच्या हातात तिच्या ओढणीचं टोक राहिलं.

पुढचं मी तुम्हाला सांगतो ते ऐकून सांगतो. माझ्या छतावर अलीकडच्या, म्हणजे जुन्या देशाच्या फोनची रेंज येते. फक्त तिथेच येते. म्हणून सोजरबाई गुडघे धरत, एकेक पायरी बसत जिना चढते, माझ्या तीन पायांना टेकून बसते आणि रिसोडच्या सीमकार्डावर सुनेशी बोलते. फोन कानाला लावायचं तिला जमत नाही. ती तो स्पीकर लावून समोर धरते आणि ओरडून बोलते. त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येतं.

लढाई लवकर थांबली. बोरवंड त्यांच्याकडेच राहिलं. हद्द नव्या नदीतून पक्की झाली. दवाखान्यातून कैदेत गेलेली वैजयंती कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा सुटली. आता ती, जगदेव आणि लेक रिसोडजवळच्या शिरपूरला यात्रेकरूंच्या धर्मशाळेत राहतात. शेठजींनी खटपट करून बोरवंडच्या लोकांना तिथे खोल्या मिळवून दिल्या. काही जण तिथून जवळच्याच मालेगावात पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. वैजयंतीचं मनगट वाकडं जुळलं. मशीन पायाने चालतं, पण कापड सरकवायला हात लागतो. ती आता फक्त उशांचे अभ्रे शिवते. सरळ शिवण असते, म्हणून.

जगदेव तिच्याशी बोलतो, पण तुटक. आई पलीकडे राहिली, याचं शल्य त्याला आहे. सेवादास तर तिच्या समोरून आला की रस्ता बदलतो. शेडमधले लोक आपसांत म्हणतात, कप्तानाने शब्द दिला होता, आपण परत गेलो असतो तर घरात असतो.

आणि हेही मला सांगितलंच पाहिजे. कप्तानाने शब्द पाळला. जी म्हातारी माणसं गावात राहिली, त्यांना कोणी हात लावला नाही. त्यांना रेशन मिळतं. सोजरबाईला तिच्या भावाचे नातू भेटून जातात. आमच्या आळीतला एक म्हातारा मेला, तेव्हा सैनिकांनी खांदा दिला. पण त्याचा मुलगा मालेगावात होता. त्याला येता आलं नाही. पलीकडच्या काठावरून त्याने चितेचा धूर पाहिला.

आज मदनसिंग पुन्हा छतावर आला. त्याने लोहार आणून माझा दांडा सरळ करून घेतला आहे. फिरवला की आता कुरकुरतो. त्याने सोजरबाईला वर बोलावलं. म्हणाला, “आजी, दोन्ही सरकारांचं ठरलं. ज्यांना परत यायचं त्यांनी यावं; घर, शेत मिळेल. मात्र इकडचं व्हावं लागेल, कायमचं. उद्या सकाळी नावा लावतोय. लोक पलीकडच्या काठावर जमतील. भोंगा तुम्ही वाजवा. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे.”

“पाह्यतो,” एवढंच ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने फोन लावला. “वैजू, ऐकून राह्यली का?”

“हो मामी. उद्या सारे काठावर जाऊन राह्यले. सेवादासभाऊ बी. हे बी जातो म्हनतात.”

“अन् तू?”

वैजयंती म्हणाली, “मामी, तुमी सांगा. तिथं कसं हाय?”

“घर हाय तसंच हाय. मारत नाई कोनी. पन माह्या भावाच्या गावाले जाले बी चिठ्ठी लागते, अन् चिठ्ठी देनारा दर खेपेले नवा असते. हा कप्तान बरा हाय. त्याची बदली होऊन राह्यली म्हनतात.”

“मामी, त्या दिवशी मी चुकली काय? गोमतीमावशी गेली. तुमी तिकडं राह्यल्या. मी सपाट वाजवला असता त...”

सोजरबाईने फोन मांडीवर ठेवला. डोळे पुसले. मग पुन्हा समोर धरला. “मले मालूम नाई व वैजू. मी रोज इचार करतो. एक दिवस वाटते चुकली, एक दिवस वाटते नाई. तुले खोटं काय सांगू?”

तिकडून रडण्याचा आवाज आला. सोजरबाईने फोन बंद केला नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, एक छतावर, एक धर्मशाळेत, फोनचे पैसे संपेपर्यंत.

उद्या सकाळी मी वाजेन. सोजरबाईच्या हातात पूर्वीचं बळ नाही. आवाज लांब, सपाट निघतो की मध्येच तुटतो, ते सांगता येत नाही. पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या माझ्या बोरवंडकरांनो, तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे. मी लोखंड आहे. माझ्यात दोनच शब्द आहेत, पळा आणि या. तुमच्यापुढे आहे त्या प्रश्नाला हे दोन शब्द पुरत नाहीत. म्हणून माझं ऐकून नावेत बसू नका, आणि माझं ऐकून मागेही फिरू नका. मी वाजून थांबलो की क्षणभर गप्प राहा. सोजरबाई कठड्याशी येईल. तिचा आवाज लहान आहे, नदी रुंद आहे. पण ती खोटं सांगत नाही. कान देऊन ऐका.

आणि ऐकून झालं की मागे वळून पाहा; तुमच्यातच कुठेतरी, वाकडं मनगट पदराखाली घेऊन वैजयंती उभी असेल. तिला पुढे येऊ द्या.